ज्वारीवरचा पैलवान

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठव, असा मेसेज आला तेव्हा मी कसारा स्टेशनात फलाटाच्या टोकाला उभा होतो. गाडीला मागून बँकर, म्हणजे घाट चढवायला ढकलणारी जास्तीची इंजिनं, लागत होती. 'पाचशे शब्द, सोबत पासपोर्ट फोटो' एवढंच लिहिलं होतं. फोटो त्याच रात्री पाठवला. शब्दांना तीन महिने लागले आणि पाचशेत ते काही मावले नाहीत. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आधीच एक सांगून टाकतो. मला शाळेतल्या सगळ्याच गुरुजनांबद्दल आदर आहे. मराठीच्या बाईंनी माझं शुद्धलेखन सुधारलं, पीटीच्या सरांनी पाठ. पण लिहायला बसलो की डोळ्यांपुढे एकच माणूस येतो आणि बाकीच्यांना जागाच राहत नाही. विज्ञानाचे सर. नाव लिहायची गरज नाही. ॲटलास सायकल, कॅरिअरला दळणाचा डबा आणि शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड म्हटलं, की आपल्या शाळेत कुणाला दुसरं कोणी आठवणार नाही.

सरांना दोन शब्दांचं व्यसन होतं. 'कोणी?' आणि 'कोणावर?' बल हा शब्द तोंडातून निघायचा अवकाश, हे दोन प्रश्न येऊन आदळायचे. "सर, चेंडूवर बल लागतं." कोणी लावलं? "बॅटने." बॅटवर कोणी लावलं? "चेंडूने." हां, बस खाली. उत्तर बरोबर असूनही यातलं एक सांगता आलं नाही, तर उभं राहावं लागायचं. एकदा त्यांनी टेबलावर भूगोलाचं पुस्तक ठेवलं. म्हणाले, पृथ्वी याला खाली ओढते आणि टेबल याला वर ढकलतं. दोन्ही बलं सारखी, दिशा उलट. मग ही क्रिया आणि प्रतिक्रिया झाली की नाही? अख्खा वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग हळूच विचारलं, "कोणावर?"

दोन्ही पुस्तकावरच. तिथे आमची बोलती बंद. जोडी असते ती दोन वेगळ्या वस्तूंवर. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला ढकलतं, तर पुस्तक टेबलाला ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम आम्ही सगळे घडाघडा म्हणत होतो. त्याने तो १६८७ साली छापला, हेही पाठ होतं. नियम कळला मात्र त्या दिवशी, आणि तोही निम्म्याच वर्गाला. मी दुसऱ्या निम्म्यात होतो.

माझं डोकं उघडलं ते पुढच्या आठवड्यात. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा खटाटोप.

क्रीडा महोत्सवात नववी अ आणि नववी ब यांची रस्सीखेच झाली आणि आम्ही अ वाले हरलो. ब मध्ये पैलवान होता. (आज तो आपल्याच तालुक्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि हे वाचून मला फोन करून शिव्या देणार आहे.) हरल्याच्या रागात मी वर्गात हात वर केला. म्हटलं, सर, तुमचा तिसरा नियम खोटा आहे. आम्ही त्यांना जेवढं ओढलं तेवढंच त्यांनी आम्हाला ओढलं असेल, तर कोणी हरायलाच नको होतं.

दुसरे कोणी असते तर पट्टी काढली असती. सरांनी हातातला खडू खिशात ठेवला, 'उद्या' एवढंच म्हणाले आणि पुढचा धडा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सायकलला दळणाच्या डब्याबरोबर एक पिशवी लटकत होती. तिच्यात भंगारवाल्याकडून मागून आणलेले दोन काटे होते, पन्नास किलोचे, आकडा असलेले. प्रयोगशाळेतले ताणकाटे आमच्या ओढीने तुटले असते. एका काट्याची सुई नुसती टांगली तरी अर्ध्या किलोवर होती. सरांनी आधी फळ्यावर 'शून्यचूक : अर्धा' असं लिहिलं, मगच पुढे सरकले. ब तुकडीतून पैलवानाला बोलावणं गेलं. मग काट्यात काटा अडकवून एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं माझ्या. दोघेही अनवाणी, खाली प्रयोगशाळेची शहाबादी फरशी. दोन्ही काटे वाचायला एकेक मुलगी उभी केली, आणि दोघींनी एकमेकींचं ऐकायचं नाही, अशी ताकीद दिली.

ओढ.

मी पाय रोवले, दात आवळले आणि तरी सरकायला लागलो. मुली ओरडल्या. एक म्हणाली अठरा, दुसरी म्हणाली साडेअठरा. शून्यचूक वजा केली की दोन्हीकडे अठरा. मी म्हटलं, काटा बिघडलाय. काटे बदलले. पुन्हा अठरा, पुन्हा मी फरफटत पैलवानाच्या अंगावर. तिसऱ्यांदा ओढून बघितलं तरी अठरा.

"ओढ सारखी आहे," सर म्हणाले. "मग तू का हरतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी आरोग्य तपासणीची वही मागवली. मी ३६ किलोचा, पैलवान ६२ चा. फळ्यावर दोन चौकोन काढले. प्रत्येक चौकोनावर दोन बाण. एक दोरीचा, एक जमिनीचा. "तू अठराला घसरलास, म्हणजे वजनाच्या निम्म्याला. जमिनीने तुला तेवढंच धरलं, त्यापुढे सोडून दिलं. त्याला घसरायला एकतीस लागतील. तेवढं तुझ्याकडून ओढून होणारच नाही, कारण त्याआधी तूच सरकशील. दोरी दोघांना सारखंच ओढते. हार-जीत ठरते पायाखाली." आणि लगेच, "जमीन बल लावते ते कोणावर?" "माझ्यावर, सर." "आणि तू?" "जमिनीवर." पहिल्यांदाच ते उत्तर पाठांतरातून आलं नव्हतं.

इथवर कोणीही चांगला शिक्षक आला असता. सरांनी मग जे केलं ते फक्त सरच करू जाणे. दळणाचा डबा उघडला आणि दोन ओंजळी ज्वारी पैलवानाच्या पायाखाली पसरली.

"आता ओढ."

मी ओढलं. फार नाही. मुलगी 'सहा' म्हणेपर्यंत पैलवानाचे दोन्ही पाय पुढे निघून गेले होते आणि तो बसल्या बसल्या माझ्या दिशेने येत होता. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. त्याचं कोपर सोललं. सरांनी टिंक्चर लावलं आणि लावता लावता वर्गाला विचारलं, बासष्टचा कितवा हिस्सा सहा? दहावा, सर. काय बदललं? वजन तेच, माणूस तोच, ताकद तीच. बदललं फक्त फरशी आणि पाऊल यांच्यातलं घर्षण. पैलवान कोपर धरून ऐकत होता. तोसुद्धा मान हलवत होता, हे मला आजही दिसतं.

मग आम्ही पंधरा जणांनी गुडघ्यांवर बसून ती ज्वारी दाणा दाणा वेचली. सरांनी ती चाळली, पाखडली आणि परत डब्यात भरून गिरणीवर नेली. त्या संध्याकाळच्या भाकरीत शहाबादीची कचकच लागली असणार. मुख्याध्यापकांपर्यंत बातमी गेली होती, अन्नाची नासाडी म्हणून. पुढे त्याचं काय झालं ते सरांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षी अभ्यासक्रमातले शेवटचे दोन धडे मात्र राहून गेले. सरांचे धडे दरवर्षीच राहायचे.

दहावीनंतर आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड. मग रेल्वेची परीक्षा आणि असिस्टंट ड्रायव्हर. आता त्याला सहायक लोको पायलट म्हणतात. आपल्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे घरच्यांना कितीतरी दिवस वाटत होतं की मी तिकिटं तपासतो. माझ्या नशिबी आला थळ घाट. कसारा ते इगतपुरी, जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. १८६५ पासून गाड्या चढताहेत आणि चढ आजही तोच आहे, ३७ ला १. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवायचाही नाही. हजार टनांच्या गाडीला काय होतं, ते ट्रेनिंगमध्ये आम्हाला फळ्यावर दाखवत होते. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात ज्वारी वेचत होतो.

गणित सोपं आहे. समजा गाडी हजार टनांची. तिला ३७ ने भागा. नुसती घाटात धरून ठेवायला सत्तावीस टनांची ओढ लागते. इंजिनाचं स्वतःचं वजन, वळणांवरचा विरोध, हे सगळं वेगळंच. आमचं सहा ॲक्सलचं इंजिन १२३ टनांचं. कोरडा रूळ त्याला वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं धरतो, म्हणजे चाळीसेक टन. चालून जातं. रूळ ओला झाला की तिसऱ्याऐवजी पाचव्याच हिश्श्याएवढं धरतो. १२३ चा पाचवा हिस्सा पंचवीसच्याही आत. इंजिनात पाच हजार अश्वशक्ती आहे हो, पण सत्तावीस हवेत आणि रूळ पंचवीसच देतोय. चाकं जागच्या जागी गरगरतात, मीटर नाचतो आणि गाडी हलत नाही. अगदी पैलवान.

म्हणून कसाऱ्याला मागून बँकर लावतात. जास्तीची इंजिनं म्हणजे रुळावर जास्तीचं वजन, जास्तीचे पाय. मागून ढकलण्याचं आणखी एक कारण आहे. सगळी ओढ पुढूनच दिली, तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो. मागून रेटा मिळाला की तो वाटला जातो. आणि तरीही चाक घसरलंच, तर पेडल दाबायचा. दाबलेल्या हवेने नळीतून चाकाच्या पुढ्यात रुळावर वाळू पडते आणि चाक पकड घेतं. सरांनी दाणे टाकून पाय सोडवले होते, आम्ही दाणे टाकून पाय रोवतो. ज्वारी गोल असते, घरंगळते. वाळू चाकाखाली भरडते आणि रुतते.

नवख्यांना वाटतं, सगळ्यात वाईट म्हणजे धो धो पाऊस. नाही. मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो. वाईट असते ती जूनमधली पहिली भुरभूर. उन्हाळाभर साचलेलं तेल, धूळ आणि वरून चार थेंब. अशाच एका रात्री, असिस्टंट असताना, माझ्या ड्रायव्हर साहेबांनी चाकं घसरताच नॉच, म्हणजे इंजिनाची ओढ वाढवायची पायरी, आणखी चढवला. चाकं जास्तच किंचाळली. मी न राहवून म्हणालो, साहेब, खाली घ्या, रूळ देतोय तेवढंच मागा. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग नॉच खाली आले, वाळू पडली, गाडी चालली. इगतपुरीला उतरताना त्यांनी विचारलं, कुठे शिकलास रे? मी आपल्या शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं.

आता मी लोको इन्स्पेक्टर आहे. नव्या पोरांबरोबर केबिनमध्ये उभा राहतो, त्यांच्या चुका बघतो. हुशार आहेत, मोबाइलवर सगळी मॅन्युअलं आहेत. 'ब्रेक लावला की गाडी थांबते,' असं कोणी म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कोणी थांबवली? ब्रेक चाकाला धरतो, गाडीला बाहेरून मागे रेटणारं कोण? रूळ. पोरं मागे मला 'कोणावर साहेब' म्हणतात, हे मला माहीत आहे. ते नाव मला पगारवाढीपेक्षा जास्त आवडलं आहे.

गेल्या दिवाळीत शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या जागी डिजिटल वर्ग झालाय. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर घर्षणाचा व्हिडिओ दिसतो, बाणसुद्धा आपोआप हलतात. छान आहे, माझा विरोध नाही. शहाबादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्यात. ताणकाटे कपाटात आहेत, असं शिपाईमामा म्हणाले. किल्ली कोणाकडे आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या टाइल्सवर मी बूट काढून उभा राहिलो आणि पाय सरकवून बघितला. इथे छत्तीस किलोचं पोरगं अठरापर्यंत तग धरणार नाही. बाराच्या आतच जाईल. आजच्या मास्तरांना ज्वारी आणायचीही गरज नाही, प्रयोग फुकटात होईल. फक्त कोणीतरी पोरांना बूट काढायला सांगायला हवं.

तिथून सरांकडे गेलो. सर ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, काठी लागते. काठीच्या टोकाला नवीन रबर होतं. ते त्यांनी स्वतःच मला दाखवलं आणि म्हणाले, "घर्षण विकत घेतलंय, पंधरा रुपयांना." मी त्यांना ज्वारीचा प्रसंग सांगितला. त्यांना आठवत नव्हता. पैलवानही आठवत नव्हता. असे किती डबे त्यांनी फरशीवर सांडले असतील, कुणास ठाऊक. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

मग मी पिशवीतून बाटली काढली. घाटात आम्ही वापरतो तशी वाळू, बारीक चाळलेली, भट्टीत सुकवलेली. सरांनी झाकण काढून चिमूटभर तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळली, खिडकीच्या उजेडात धरली. मी चाक, नळी, पेडल, सगळं ओरडून ओरडून समजावलं. ते बाटली कानाजवळ नेऊन हलवत होते.

"ओली झाली तर?" त्यांनी विचारलं.

"गोळा होते, सर. नळी तुंबते."

"म्हणजे पावसात लागते आणि पावसातच तुंबते."

"हो, सर."

"मग?"

"म्हणून तर बँकर लावतो, सर."

सर हसले. हातावरची वाळू त्यांनी परत बाटलीत सोडली, तळहात झटकून उरलेले दोन दाणेसुद्धा, आणि झाकण घट्ट लावलं.