डर्बी बघून झाली होती, म्हणून तळेगावचा पट बघायला गेलो

धामणगाव रेल्वेला उतरलं की तळेगाव दशासर तसं लांब नाही, पण जानेवारीत शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवसांत त्या रस्त्याने पटकन पोचायचं म्हणजे विसराच. पुढे मेटॅडोर, मागे मेटॅडोर, आत झुली घातलेले बैल, टपावर कुटाराची पोती आणि बाजूला लटकलेली पोरं. दोन्हीकडे वेचून झालेली कपाशी आणि तूर. मित्राचे काकाजी आम्हाला घ्यायला आलेले, त्यांची स्वतःची जोडी पटात होती त्यामुळे आमच्याकडे लक्ष शून्य, "या जी पाव्हणे, चहा घ्या" एवढं बोलले आणि लगेच बैलांकडे.

मला मुळात घोड्यांच्या रेसचं वेड. महालक्ष्मीला इंडियन डर्बी बघितलीय, तिथे धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेडचा (शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्याचा) बाप कोण, आई कोण, आजा कोण हे सगळं छापील मिळतं. इंग्लंडात 1791 साली घोड्यांच्या वंशावळीचं जनरल स्टड बुक निघालं तेव्हापासूनची ही शिस्त, आणि बापाकडून मागे मागे गेलं की जगातले सगळे थरोब्रेड तीनच घोड्यांपाशी येऊन थांबतात, डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन. शंकरपटाच्या बैलांचं असं काही पुस्तक वगैरे नाही, पण काकाजींना नुसतं विचारायचा अवकाश. "हा उजवा हाय ना, याची माय आर्वीकडची. तिचा पयला गोऱ्हा असा पयत होता का इचारू नका." मग त्या गाईचा मालक, त्याने ती कोणाकडून घेतली, कोणत्या साली दुष्काळात विकली, चहा गार झाला तरी चालूच.

आर्वी म्हणजे वर्धा जिल्हा, गवळाऊ जातीच्या गुरांचं माहेर. पांढरा रंग, लांबट तोंड, अंगाने हलका आणि चालीला तेज. मराठ्यांच्या काळात फौजेचं सामान झपाट्याने हलवायला हेच बैल जुंपायचे. आता पटात खिल्लारही भरपूर दिसतात आणि कुठली जात चांगली यावर दोन माणसं भांडताना हमखास सापडतात, मी त्यात पडलो नाही.

पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी चार-पाच गाडे एकदम सुटतात तसं इथे नाही. एकच जोडी, हलका छकडा, त्यावर एकटा धुरकरी, आणि स्पर्धा घड्याळाशी. तुम्ही मान वळवेपर्यंत जोडी समोरून गेलेली असते, मागे फक्त धूळ आणि माईकवरून सेकंदाचा आकडा, पॉइंटच्या पुढच्या आकड्यांसकट. खरी मजा सुटण्याच्या आधी असते असं माझं मत. बैलांना कळलेलं असतं, कातडी थरथरत असते, चार जण पुढून धरून उभे आणि धुरकरी कासरा मनगटाला गुंडाळतोय. तुतारी, म्हणजे टोकाला अणी असलेली काठी, टोचायला कायद्यानेच बंदी आहे. काकाजी म्हणाले, "मारून कोनता बैल पयते? त्याच्या मनात असलं त पयते." सगळेच असं वागत असतील असं मी म्हणणार नाही, म्हणून नियम पाहिजेतच, कलेक्टरची परवानगी, डॉक्टरची तपासणी, सगळं.

बंदीचा विषय काढला की मात्र माणसं गप्प होतात. 2011 ला केंद्राने बैलाला खेळ करायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं, मे 2014 ला सुप्रीम कोर्टाचा बंदीचा निकाल आला, आणि पट पुन्हा सुरू करायला 16 डिसेंबर 2021 उजाडावा लागला, मग 18 मे 2023 ला घटनापीठानेही शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. एवढ्या वर्षांत दोन दाती गोऱ्हा म्हातारा होतो. कितीतरी जोड्या तशाच गोठ्यात संपल्या, शेतात ट्रॅक्टर आले, आणि गोऱ्हा बघून "हा पयेल" असं सांगणारी जुनी माणसं गेली. घोड्यांचं छापलेलं तरी उरतं, इथे माणूस गेला की त्याच्यासोबत बैलाच्या चार पिढ्या गेल्या!

तळेगावात बायकांचाही पट होतो आणि मी तर म्हणेन तोच बघायला जा. एकजण आली, पदर कमरेला घट्ट खोचला, चपला काढून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि छकड्यावर चढली. जोडी सुटल्यावर तोच नवरा चपला हातात घेऊन तिच्या मागे धावत होता, अख्खं पब्लिक हसतंय, त्याला पर्वा नाही.

संध्याकाळी घरी झुणका-भाकर आणि हिशोब. बक्षीस लागलं होतं, पण खालचं. ढेप, सरकी, दूध, मेटॅडोरचं भाडं धरलं तर रक्कम उरतच नव्हती. काकू भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "माह्यी कानातली त राह्यलीच."

"पुढच्या पटात पयला नंबर आला का घेऊ ना."

"हे मी लगन झाल्यापासून आयकून राह्यली."