'अर्पण परत' हे कुठल्या खात्यात टाकायचं?

मी चर्चच्या ऑफिसात हिशेब बघतो, बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं फार पवित्र काम असेल, तसं काही नाहीये. पाकिटं उघडा, दोघांनी मिळून मोजा, दोघांच्या सह्या, पावत्या फाडा, बँकेत भरा. दोघांनीच का तर त्याला आधार थेट पौलाचा आहे, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या त्या प्रेषिताचा. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रात, २ करिंथ ८ मध्ये, यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा होतेय, तर पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर अजून दोन विश्वासू भाऊ पाठवतो, एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून. अख्ख्या बायबलात हा अध्याय मला जास्त जवळचा वाटतो, हसा खुशाल.

तर एका सोमवारी रविवारचं अर्पण मोजून पेटी बंद केली आणि एक तरुण आत आला. ओळखीचा, मागच्या बाकावर बसणारा. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, दादा, दिलेलं अर्पण परत मिळतं का?

मला आधी वाटलं पावतीत चूक झाली असेल. नाही. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक पाहुणे उपदेशक आले होते, त्यांनी सांगितलं जेवढं द्याल त्याच्या शंभरपट देव देईल, विश्वासाने पाकीट भरा. ह्याने घरभाड्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे टाकले. शंभरपट सोडा, त्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

माझा स्वभाव हिशेबाचा त्यामुळे तोंडातून पटकन निघालं, अहो एकदा पावती फाटली की झालं, असं परत देता येत नाही. तो गप्प झाला आणि मग हळूच विचारलं, परत मागितलं म्हणून मी हनन्यासारखा मरणार नाही ना? (बायबलातला हनन्या, जमीन विकलेल्या पैशांबद्दल खोटं बोलला आणि तिथेच मेला.) म्हणजे तो रात्री हा विचार करत पडत होता! मी उठलो आणि पाळकसाहेबांना बोलावून आणलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, प्रेषितांची कृत्ये ५ नीट वाच. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणतो जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. त्याने थोडे ठेवून घेतले हा गुन्हा नव्हता, सगळे दिले असं खोटं सांगितलं हा होता. तू तर येऊन खरं सांगतोयस."

मग तो शंभरपटवाला मुद्दा निघाला. मार्क १० मधलं ते वचन आहे बरोबर, पण तिथे येशू घरदार, भाऊबहिणी, शेती सोडून मागे आलेल्यांशी बोलतोय आणि शंभरपटच्या यादीत "छळणुकीसह" हा शब्दही आहे, तो पाहुण्यांनी गाळला होता. (मीही त्या दिवशी बाकावर बसून मान डोलवत होतो, आणि पेटी भरलेली बघून खूशच झालो होतो, हे इथे कबूल करून टाकतो.)

पोरगा हुशार, म्हणाला, पण पेरणी कापणी तर पौलच म्हणतो ना, २ करिंथ ९ मध्ये, जो सढळ हाताने पेरतो तो सढळ हाताने कापतो? साहेब म्हणाले, हो म्हणतो, पण पुढे वाच ना, कापणी कशासाठी, तर तुमच्याजवळ पुरेसं असावं आणि प्रत्येक चांगल्या कामासाठी द्यायला उरावं म्हणून. व्याज मिळवायला नाही. आणि मधे ७वं वचन आहे, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने नाही, भाग पडतं म्हणून नाही. तुझ्याकडून आम्ही ते भाग पाडून घेतलं. मग द्यायचं तरी का, असं त्याने विचारलं तेव्हा साहेब एवढंच बोलले की पौल करिंथकरांना पैसे मागताना नफा दाखवायच्या आधी येशू दाखवतो, तो धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला. जे आधीच मिळालंय त्यातून द्यायचं, मिळावं म्हणून नाही.

मला तेव्हा आमच्या एका मावशी आठवल्या. गरिबांच्या फंडातून त्यांना दर महिन्याला मदत जाते आणि दर महिन्याला त्यांचं छोटंसं पाकीट पेटीत येतं. एकदा मी शहाणपणा करून म्हंटलं, मावशी राहू द्या, तुम्हालाच लागतील. अशा चिडल्या! म्हणे मला नुसती घेणारीच ठेवतोस का? तेव्हा मला २ करिंथ ८ मधल्याच मासेदोनियाच्या मंडळ्या, म्हणजे तिथली चर्चं, कळल्या. अत्यंत गरिबीत होत्या आणि तरी आम्हालाही द्यायची संधी द्या म्हणून पौलाला विनवत होत्या. त्या बाईचं पाकीट घ्यायलाच हवं होतं आणि ह्या पोराचं परत द्यायलाच हवं होतं, रक्कम बघून हा फरक कधीच कळला नसता. मी मात्र वर्षानुवर्षं फक्त रक्कमच बघत आलो.

कमिटीत अर्थातच वाद झाला. एक जण म्हणाले उद्या सगळे रांग लावतील. कोणी लावली नाही. पैसे परत गेले, व्हाउचरवर दोघांच्या सह्या. खात्याचं नावच सापडेना, शेवटी "अर्पण परत, दात्याच्या विनंतीवरून" असं लिहिलं आणि ऑडिटरने त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, ते अजून तसंच आहे.

पोराला पुढे काम लागलं, आधीपेक्षा कमी पगाराचं. रविवारी येतो, मागेच बसतो. थैली त्याच्यापर्यंत जाते तेव्हा मी तिकडे बघत नाही. खोटं कशाला बोलू, बघतो.