आईच्या रेशनकार्डाचं ई-केवायसी

आईने वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यांत वर्षानुवर्षं बिया फोडल्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख चोळून बसलं तरी बोटांची सालं निघतातच आणि हळूहळू रेषा पुसट होत जातात. आमच्या वाडीतल्या कितीतरी बायकांचे हात असे आहेत.

रेशनकार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सक्तीचं झालं, म्हणून आम्ही रेशन दुकानात गेलो. "काकी, परत एकदा लाव बघया," दुकानदार म्हणत राहिला. दोन्ही अंगठे झाले, बाकीची बोटं झाली, हात धुऊन-पुसून पुन्हा झालं. ई-पॉस मशीनला ठसा काही जुळेना. आईला तो लहानपणापासून ओळखतो, पण मशीनमध्ये त्याच्या ओळखीला जागा नाही.

मग आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट केलं. ठसे तसेच पुसट आले. बुबुळं आणि फोटो मात्र नवे घेतले गेले. पण दुकानात बुबुळं वाचणारं यंत्र नव्हतं. शेवटी राहिली चेहऱ्याची पडताळणी. 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप्स मोबाईलवर घेतली. आईच्या आधारला मुंबईतल्या भावाचा नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपी जाणार त्याच्याकडे. घरात रेंज नाही, म्हणून आईला घेऊन सड्यावर, वरच्या उघड्या कातळ-माळावर गेलो. भावाला फोन लावून ओटीपी विचारायचा, तो घाईने भरायचा, मग आईने कॅमेऱ्याकडे बघून पापण्यांची उघडझाप करायची. उन्हाकडे तोंड केल्यावर चेहरा जुळला.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा त्यातला हक्क. आधारवरच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारू नये, ही भूमिका घेतली. हे सगळं कागदावर असताना आईपुरतं धोरण ठरलं ते मशीनच्या पडद्यावरच्या पर्यायांनी. ते पर्याय कोणी ठरवले, ठरवताना काजू फोडणाऱ्या बाईचे हात कोणी पाहिले होते का? याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आधी आधारला जवळच्या माणसाचा मोबाईल नंबर जोडून घ्या. आमच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. त्यांच्यासाठी गावातच चेहरा पडताळणीचं शिबिर घ्यावं आणि तोवर वहीत नोंद करून धान्य द्यावं, असा अर्ज आम्ही तहसीलदारांकडे दिला आहे. त्यावर बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले.