योकोहामात लेकीचा भत्ता आणि नवऱ्याचं तीन शब्दांचं नाव

नवऱ्याच्या नावात सासऱ्यांचं नाव आहे, एवढ्यावरून आमच्या लेकीचा सरकारी बालभत्ता अडकून पडला. अजूनही आठवलं की चिडचिड होते. जपानमध्ये योकोहामाला येणाऱ्या मराठी घरांना हे आधी माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

विमानतळावर रेसिडेन्स कार्ड मिळालं, घरात राहायला आल्यावर १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवला. लेकीचं औषधोपचाराचं कार्डही आलं. ती चार वर्षांची आहे, त्यामुळे डॉक्टरकडे नेलं तरी पैसे पडत नाहीत. इथवर सगळं सुरळीत.

मग बालभत्ता. इथे त्याला जिदो तेआते म्हणतात. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५,००० येन, त्यापुढे १०,०००. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट गेली आणि पैसे दर सम महिन्यात, दोन महिन्यांचे एकदम येतात. आमचे आले नाहीत. त्याऐवजी पत्र आलं की नवऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होऊ शकली नाही.

घोळ असा. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं असतं आणि रेसिडेन्स कार्डावर तेच रोमन लिपीत उतरतं. पण जपानी बँकांमधले पैसे काताकानातल्या, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीतल्या, नावावर फिरतात. कुयाकुशोने काताकानात तिन्ही शब्द घेतले होते. बँकेतल्या माणसाने खातं उघडताना मधला शब्द गाळला होता, तोही आम्हाला न विचारता. दोन्ही नावं जुळेनात. कुयाकुशो म्हणे बँकेत जा. बँक म्हणे नाव फार लांब आहे, बसणार नाही. शिवाय बदल करायचा तर खातेदारानेच यायचं, आणि खिडकी दुपारी तीनला बंद. नोकरी करणाऱ्या माणसाने हे कधी करायचं?

मला ते ‘बसणार नाही’ पटेना. चौकशी केली तेव्हा कळलं की पैसे पाठवताना नावाला अक्षरांची ३० घरं असतात आणि ‘द’, ‘ग’, ‘प’ अशा उच्चारांसाठी अक्षराला जोडायची खूण वेगळं घर घेते. देशपांडे काताकानात सहा अक्षरांत लिहितात, पण बँकेच्या यंत्रात ते नऊ घरं खातं! मी घरी चौकटीच्या कागदावर अख्खं नाव मांडलं. मधल्या जागा धरून २७ घरं झाली. नवऱ्याने रजा काढली, आम्ही तिघं बँकेत गेलो आणि तो कागद मी खिडकीवर ठेवला. त्या बाईंनी घरं मोजली, आत जाऊन आल्या आणि नाव बदलून दिलं. त्या कागदाचा मला फार अभिमान आहे.

म्हणून सांगते, पत्ता नोंदवायला जाण्याआधीच काताकानातलं नाव घरी बसून ठरवा, कागदावर लिहून न्या आणि कुयाकुशो, बँक, कंपनी सगळीकडे अगदी तेच द्या. पासबुकाच्या आतल्या पहिल्या पानावर काताकाना छापलेलं असतं, त्याची झेरॉक्स अर्जाला जोडा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: भत्त्याचा अर्ज तिथे राहायला आल्यापासून १५ दिवसांत द्यायचा. उशीर झाला की तेवढ्या महिन्यांचा भत्ता बुडतो, मागचा मिळत नाही. आमचा अर्ज वेळेत होता म्हणूनच अडकलेली रक्कम पुढे एकदम जमा झाली. जपानी पत्र कळलं नाही तर परदेशी रहिवाशांना मदत करणाऱ्या जवळच्या इंटरनॅशनल लाउंजमध्ये न्या, तिथली माणसं समजावून सांगतात.

लेकराला घेऊन अशा कामांना जायचं तर सकाळीच जा आणि दुपार तिच्यासाठी ठेवा. आम्ही साकुरागिचोला उतरून नोगेयामाच्या प्राणिसंग्रहालयात जायचो. तिथे प्रवेश फुकट, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलाला आईबरोबर ट्रेनचं तिकीटही लागत नाही. नाहीतर यामाशिता पार्क, समोर १९३० सालची हिकावा मारू बोट उभी असते, लेक तिच्याकडे बघत तासभर रमते.

जपान सोडताना घाईने खातं बंद करू नका. शेवटच्या महिन्यांचा भत्ता नंतर येतो, आणि तो त्याच खात्यात येतो.