चूक कोणाची ते इथे बघत नाहीत

११ जुलै २००६ ला मी २४ वर्षांचा होतो, बाबा ऑफिस सुटल्यावर नेहमीसारखे चर्चगेटहून निघालेले, फर्स्ट क्लासच्या डब्यात. संध्याकाळी ६:२४ ते ६:३५, अकरा मिनिटांत वेस्टर्न लाइनवर सात स्फोट, १८९ माणसं गेली. बाबा माहीमच्या स्फोटात गेले. त्या रात्रीचं सांगत बसत नाही, मला लिहायचंय ते नंतरच्या कागदांबद्दल.

आधी एक गोष्ट, जी आम्हालाही माहीत नव्हती. स्फोटानंतर सरकार जे जाहीर करतं ती मदत, म्हणजे सानुग्रह अनुदान, सरकारची मर्जी. नुकसानभरपाई वेगळी, तो हक्क आहे आणि त्यासाठी रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडे, म्हणजे रेल्वेवरचे भरपाईचे दावे जिथे चालतात तिथे, एका वर्षाच्या आत अर्ज करायला लागतो. आम्ही मदतीचा चेक मिळाला म्हणजे झालं समजून बसलो होतो. शेजारचे एक काका, रिटायर्ड हेडक्लार्क, ते म्हणाले अरे तो वेगळा हा वेगळा, वर्ष जाऊ देऊ नकोस. तोपर्यंत सात महिने गेले होते.

मग सुरू झालं. मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेम, पंचनामा, वारसांची ॲफिडेव्हिट, आणि आजीचीही सही, कारण ती पण वारस. आजीला सही येत नव्हती, अंगठा. ती अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, पोराचे पैसे घेऊन काय करू.

अडलं ते पासावर. मेलेला माणूस तिकीटवाला प्रवासी होता हे दाखवायला लागतं, आणि बाबांची बॅग, पाकीट, पास काहीच मिळालं नव्हतं. एका ऑफिसात (नाव लिहीत नाही) मला दोनदा सांगितलं की पासाची झेरॉक्स आणा. म्हटलं, पास माहीमला जळला. तर म्हणे मग तसं लिहून आणा. शेवटी आईमुळे सुटलं. ती जुने पास फेकायची नाही, बिस्किटांच्या डब्यात रबरबँड लावून सगळे, आणि प्रत्येकावर बाबांच्या ओळखपत्राचा तोच नंबर. त्याच्यावर काम झालं. सुनावणीला समोरच्या वकिलांनी मला विचारलं, वडील त्या गाडीत चढले हे तुम्ही स्वतः पाहिलं का? त्यांचं काम असेल ते, पण मी दोन मिनिटं गप्पच उभा होतो.

तिथेच बाकावर बसून आमच्या वकिलांनी मला कलम समजावलं. रेल्वे कायदा १९८९, कलम १२४-अ. गाडीत दहशतवादी कृत्य झालं तर रेल्वेची चूक असो नसो, निष्काळजीपणा असो नसो, भरपाई द्यायचीच. तेव्हा मृत्यूला ४ लाख होते, १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाले. आणि गंमत म्हणजे दहशतवादी कृत्य म्हणजे काय याची व्याख्या टाडा या दहशतवादाविरुद्धच्या जुन्या कायद्यातली, जो १९९५ लाच संपला होता. कायदा मेला, व्याख्या राहिली.

मी विचारलं, मग चूक होती का नव्हती ते कोण ठरवणार? १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्येच स्फोट झाला होता, म्हणजे गाडीत बॉम्ब ठेवतात हे २००६ ला कोणाला नवीन नव्हतं, मधल्या तीन वर्षांत काय केलं? वकील म्हणाले, चूक कोणाची ते इथे बघत नाहीत, म्हणून तर पैसे मिळतात, ते सिद्ध करायला गेलात तर जन्म जाईल. खरं होतं त्यांचं. आई आणि आजीला घेऊन मी कुठे भांडत बसणार होतो. पण ऑर्डर हातात आली तेव्हा लक्षात आलं की पूर्ण फाइलमध्ये तो प्रश्न कुठेच नाही.

बॉम्ब सरकारने ठेवला असं मी म्हणत नाही, उगाच कोणी तसा अर्थ काढू नये. ठेवणारे ठेवून गेले. पण थांबवणं आणि नंतर खरे शोधणं ही दोन कामं तरी सरकारचीच ना?

२०१५ ला स्पेशल कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. आईने देवापुढे दिवा लावला. मग २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराच्या बाराजणांना निर्दोष सोडलं, सरकारी पक्षाला काही सिद्धच करता आलं नाही म्हणून. त्यातला एक तर २०२१ लाच जेलमध्ये कोविडने गेला होता. बाकीच्यांची १९ वर्षं गेली. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत घेतलं नाही. आईने टीव्ही बंद केला आणि विचारलं, मग आपल्या माणसाला मारलं कोणी? मला उत्तर देता आलं नाही, मी चहा टाकायला उठलो.

त्या रात्री फाइल काढली आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. मार्च २००३ ते जुलै २००६, लोकलच्या सुरक्षेसाठी काय काय ठरलं आणि त्यातलं काय झालं, एवढंच विचारलंय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पण आणली. अर्जाचं पाकीट अजून कपाटातच आहे, आईला न सांगता टाकू का सांगून, ते ठरत नाहीये.