तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या गव्हाणीत बाळ का नसतं

नाताळात आम्ही येशूजन्माचा देखावा मांडतो, त्याला गव्हाणी म्हणतात, आणि तिच्यातल्या येशूबाळाबद्दल तुम्ही विचारता. नाही, हरवलेलं नाही. मांजरानंही नेलेलं नाही. "चोवीसच्या मध्यरात्री ठेवायचं असतं, म्हणून अजून ठेवलं नाही," हे उत्तर मी कित्येक वर्षं दिलं. ते खपायचंही, कारण कॅथलिक घरांत खरंच तसं करतात, आणि आम्ही कॅथलिक नाही हे बिल्डिंगमध्ये फारसं कुणाला ठाऊक नाही. पंचाईत व्हायची ती सव्वीस तारखेला. फराळाचा डबा परत करायला आलेली शेजारीण पुन्हा वाकून बघायची आणि म्हणायची, "अहो, बाळ अजून नाहीच का आलं?"

गेल्या नाताळात हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला. मी मोजले. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

गव्हाणी मांडायला मला दोन दिवस लागतात. तणस भंडाऱ्याकडून येतं, ते निवडायचं, झटकायचं. मरिया आणि योसेफ प्लास्टरचे आहेत. आईबरोबर मिशनच्या दवाखान्यात नर्स असलेल्या केरळच्या एका सिस्टरनं ते दिले होते. योसेफाचा उजवा हात दोनदा चिकटवलाय. मेंढ्या दादाच्या, कापूस आणि काडेपेटीच्या काड्यांच्या, आणि त्यातली एकही धड उभी राहत नाही. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, दोनच उरलेत. त्यावरही तुमचं बोट जातं, पण तिथं मी ठाम आहे. बायबलात मत्तयानं भेटी तीन सांगितल्यात, माणसं किती ते कुठं सांगितलंय?

आणि बैल. तो तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे, इतवारीतून घेतलेला, दादानं लहानपणी गळ्यात दोरी बांधून गल्लीभर फिरवलेला. शिंगांना अजून बेगड आहे. नागपुरात तान्हा पोळा भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. म्हणजे आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म यायच्या आधीपासून हा बैल गावात होता. शास्त्र काढायचंच तर लूकच्या शुभवर्तमानात बैलही नाही आणि गाढवही नाही. ती दोघं बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, पहिल्या अध्यायातून आली.

मग कुणीतरी म्हणतं, "हे सगळं इंग्रजांकडूनच आलं ना?" हे ऐकलं की मला राग येतो आणि हसूही येतं. माझ्या पणजोबांना बाप्तिस्मा दिला तो स्कॉटिश मिशननं, त्याच मिशननं ज्याचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेजमुळे नाव तुम्हाला माहीत आहेच. हे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका कडक पंथाचे लोक, नाताळ पाळतच नसत. तिकडे नाताळची सरकारी सुटी सुरू झाली ती १९५८ साली! आमच्याकडे तोवर कामट्यांचे तारे, पतंगी कागद, खळ, अनारसे, सगळं चाललेलं होतं. साहेबांनी आम्हाला नाताळ दिला नाही, आम्ही तो आपल्या दिवाळीच्या हातानं केला. (हे वाक्य मी दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवते. त्यात थोडी फुशारकी आहे हे मला कळतं.)

पण साहेबांचं एक बाबांच्यात पुरेपूर उतरलं होतं. घरात आकृती नको. तारा चालेल, कागदाच्या साखळ्या चालतील, सुरूची फांदी कुंडीत रोवून तिला संत्री लटकवली तरी चालेल. बाहुल्या नको. आई कामठीची, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या घरातली. तिला गव्हाणी हवी होती. लग्नानंतर आठ वर्षं तिनं हा विषय काढला नाही. मग २९ नोव्हेंबर १९७० ला इथं नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात बाबांचीही होती आणि आईच्या माहेरचीही. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बिशप लोकांचं जमलं, आता आपलं जमवा." बाबा हसले आणि फसले. अट एकच घातली, पुढे उदबत्ती नाही, दिवा नाही, शोभेपुरतं.

मी तेव्हा सहा वर्षांची. आई मला घेऊन महाल भागात मूर्तिकारांच्या चितार ओळीत गेली. लक्ष्मीचा हंगाम संपलेला, मूर्तिकार निवांत बसलेले. त्यांनी विचारलं, "कोणता देव?" आई म्हणाली, "येशूबाळ." "कसा दिसते तो?" "बाळासारखा." "मंग काय, सोपं हाय!"

त्यांचा हात गोकुळाष्टमीच्या कान्होबावर बसलेला. आठ दिवसांनी जे बाळ मिळालं ते शाडूचं, वीतभर, गुटगुटीत, कुरळ्या केसांचं, काजळ घातलेल्या मोठ्या डोळ्यांचं, आणि रंग सावळ्याच्याही थोडा पुढे, निळ्याकडे गेलेला. आईनं ते पदरात धरून आणलं. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बासरी नाही दिली हे उपकार." सोळा नाताळ ते बाळ आमच्या गव्हाणीत झोपलं.

आता १९८६.

मी बावीस वर्षांची होते. तरुणांच्या एका प्रार्थनागटात जायला लागले होते, उपास करत होते, बायबलातला निर्गमाचा विसावा अध्याय पाठ होता, मूर्ती करू नको ही आज्ञा ज्यात आहे तो. दुसरीकडे कॉलेजात "तुम्ही मूळचे कोण?" हे विचारणं चालू होतं. तुम्ही नाही विचारत, पण तेव्हाचे विचारायचे. म्हणजे मी एका दारात पुरेशी मराठी नव्हते आणि दुसऱ्या दारात पुरेशी ख्रिस्ती नव्हते. हे मी सबब म्हणून सांगतेय का? हो, थोडी सबब आहेच.

डिसेंबरच्या वीस तारखेला आमच्या घरी प्रार्थनासभा होती. बाहेरगावचे एक प्रवचनकार आले होते. सभा संपल्यावर ते गव्हाणीपुढे थांबले, चष्मा वर केला आणि आईला म्हणाले, "बाई, तुमच्याकडे ख्रिस्तजन्म आहे की कृष्णजन्म?" सगळे हसले. आईही हसली आणि चहा आणायला आत गेली. ट्रेमधल्या कपांचा आवाज मला बाहेर ऐकू आला. नेहमी यायचा नाही.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाळ उचललं. फोडायचा धीर झाला नाही. न्हाणीत लोखंडी बादली भरलेली होती, तिच्यात ते ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही. इतकी वर्षं मी हा शब्द स्वतःशी घोकत आलेय. पाटावर बसून राहिले. नागपूरची डिसेंबरची रात्र, पायांखालची फरशी बर्फासारखी. आधी बुडबुडे आले, बारीक, एका ओळीत. मग पाणी निळसर झालं. मला वाटलं होतं शाडू म्हणजे साखरेसारखी विरघळेल, पाच मिनिटांत मोकळी होईन. तसं होत नाही. आधी टोकं जातात, बोटं, नाक, कान. मधला भाग बराच वेळ बाळच राहतो.

आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मी हात घातला. बाहेर काढायला. पाठीखाली तळवा दिला, तर वरचा भाग हातात आला आणि खालचा तळाशी राहिला. हातातलं मी पुन्हा पाण्यात सोडलं आणि जाऊन झोपले. झोप लागलीही.

पहाटे पाचला आई ड्यूटीसाठी उठली. मी पांघरुणात जागी होते. न्हाणीतला दिवा लागला, मग बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, मला उद्देशून नव्हे, नुसतीच, "आंघोळीला ही बादली नका घेऊ कोणी." तिनं ते पाणी शेवंतीच्या कुंड्यांना घातलं. तळाचा गाळ हातानं खरवडून काढला आणि तोही घातला. नंतर मला चहा दिला. त्यावर ती पुढे पंचवीस वर्षांत एक अक्षर बोलली नाही.

बोलले ते बाबा. ज्यांना ती आकृती कधीच नको होती ते बाबा. "तुला कुणी सांगितलं होतं?" त्यांचा आवाज फाटला होता. मी म्हटलं, "तुम्हीच तर म्हणायचात." ते म्हणाले, "म्हणत होतो. केलं का कधी?"

चोवीस तारखेला मी सदर भागातून एक बाळ आणलं, प्लास्टिकचं, गोरं, सोनेरी केसांचं. आईनं ते हातात घेतलं, छान आहे म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात देऊन टाकलं. गव्हाणी मांडली ती पूर्वीसारखीच. तणसात मधोमध वीतभर जागा दाबून खळगा केला आणि तसाच ठेवला. पुढच्या वर्षीही. नंतरही.

त्या बावीस वर्षांच्या मुलीला मी मूर्ख म्हणत नाही. तिची आज्ञा खरी होती, तिचा विश्वास खरा होता. मला तिचं एकच पटत नाही, तिनं ते रात्री का केलं. दिवसा, सगळ्यांसमोर केलं असतं तर मी आज तिची बाजू घेतली असती. की नसती घेतली? माहीत नाही. ती मला उलट विचारते, तू आज साठीत तरी कुणासमोर काय करतेस, चोवीसच्या मध्यरात्रीची थाप मारत होतीस की नाही?

मध्ये काही वर्षं मला एक भारी उत्तर सापडलं होतं. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली, तिच्यात खरं गवत होतं, खरा बैल, खरं गाढव. मूर्ती नव्हत्या. म्हणजे रिकामी गव्हाणीच मुळातली! हे मी दोन-तीन नाताळ मोठ्या ऐटीत सांगितलं. मग एकदा सांगता सांगता आईचा तणस दाबणारा हात डोळ्यांसमोर आला आणि पुढचं बोलता आलं नाही. तिनं फ्रान्सिससाठी तो खळगा केलेला नव्हता.

आई २०११ मध्ये गेली. दादा पुण्यात, त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून गव्हाणीचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. उघडताना वाटलं, काहीतरी सापडेल. चिठ्ठी नाही तर निदान शाडूचा एखादा तुकडा. डांबराच्या गोळ्या होत्या आणि वर्तमानपत्रं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी चितार ओळीत गेले. ते मूर्तिकार राहिले नाहीत, मुलगा आहे, माझ्याच वयाचा. मी सांगितलं तसंच बाळ हवंय. तो म्हणाला, "फोटो हाय का बाई?" फोटो नव्हता. सोळा वर्षांत बाबांनी गव्हाणीचा एक फोटो काढला नाही. मी हातानं माप दाखवलं, डोळे सांगितले, रंग सांगायला गेले आणि अडखळले. मग कसं कोण जाणे, बादलीचंही बोलून गेले. तो माती मळत होता, थांबलाही नाही. "शाडूच होती न? मंग बराबरच झालं. आम्ही कान्होबा एका दिवसासाठी करतो, दुसऱ्या दिवशी पाण्यात शिरवतेच. तुमच्या मायनं सोळा वर्षं ठेवला, हेच जास्त झालं."

बडकस चौकापर्यंत मला फार हलकं वाटलं. पुढं सिग्नलला थांबले आणि लक्षात आलं, आई कुठं शिरवायला निघाली होती? तीनशे रुपये आगाऊ दिले होते. मूर्ती न्यायला मी अजून गेलेले नाही. त्याचा फोन एकदा येऊन गेला.

आणि आता गेल्या नाताळाचं, कारण तुमच्यातल्या एकीला ते माहीत हवं. पंचवीसला तुमची लेक आली होती. तिनं खळगा पाहिला आणि काही न विचारता आपली रबरी बाहुली त्यात निजवली, तणस अंगावर ओढून दिलं. सगळे म्हणाले, किती गोड! मीही म्हटलं. तुम्ही जिना उतरला असाल नसाल, तेवढ्यात मी ती उचलून कपाटावर ठेवली. संध्याकाळी तुम्ही फोन केलात, "बाहुली तुमच्याकडे राहिली का हो?" मी हो म्हटलं, उद्या आणून देते म्हटलं. ती अजून कपाटावरच आहे.