व्ही-क्रॉस लॉग: आधी लिफ्ट, मग २६५/७० टायर, आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेब

गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, असताना किती अ‍ॅव्हरेज देते ते हिवाळ्यातच मोजून ठेवलं होतं. आता लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) झाली, टायर झाले आणि दोन्हींचे आकडे हातात आहेत. बहुतेक जण ही दोन्ही कामं एकाच दिवशी उरकतात. मग "दीड-दोननं पडलं राव" एवढंच कळतं, कशामुळे पडलं ते कळत नाही. म्हणून मी मुद्दाम आधी फक्त लिफ्ट केली, काही महिने जुन्याच टायरवर फिरलो आणि मग टायर बदलले.

गाडी तीच: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, जुनं २.५ लिटर डिझेल, पाच गिअर मॅन्युअल. १३४ बीएचपी, आणि ३२० एनएम टॉर्क १,८०० ते २,८०० आरपीएमच्या पट्ट्यात. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढे कॉइल, मागे पाटे, कंपनीचे टायर २५५/६० आर१८ (रुंदी २५५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची).

मोजायची पद्धत आधी सांगतो, कारण अर्धे वाद तिथेच असतात. टाकी ७६ लिटरची आहे. टाकी फुल ते टाकी फुल मोजताना डिझेलला फेस येतो, नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. एखादा लिटर इकडे-तिकडे होणारच. तुम्ही २० लिटरवर हिशेब केलात तर तो एक लिटर म्हणजे ५ टक्के चूक. ६० लिटरवर केलात तर दोन टक्क्यांच्याही आत. म्हणून मी टाकी बरीच खाली गेल्याशिवाय भरत नाही, पंप एकच, पंपावरची जागाही तीच, आणि पहिल्या कटला थांबायचं. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का साहेब" म्हणायचा, त्याला आता न विचारताच माहीत झालंय. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज मी लिहीत नाही. ते चाकांच्या फेऱ्यांवरूनच अंतर काढतं, त्यामुळे टायर बदलला की तेही चुकतं.

हायवेच्या चाचणीसाठी समृद्धीसारखा रस्ता नाही. शिर्डीजवळ एकाच पंपावर टाकी फुल, जालन्यापर्यंत जायचं, त्याच रस्त्यानं परत यायचं आणि पुन्हा तिथेच फुल. जाऊन-येऊन केल्यानं वारा आणि चढ-उतार बऱ्यापैकी फिटतात. वेग जीपीएसवर बघून एकदा ८०, एकदा १००. पुण्याचे, म्हणजे खालचे 'गावात'चे, आकडे रोजच्या सिंहगड रोड-हिंजवडी रामायणाचे.

स्टॉक गाडी: ८० ला १४.२, १०० ला ११.९, गावात १०.१ किमी प्रति लिटर.

फक्त लिफ्ट

पुढे उंच कॉइल आणि नवे शॉकअप, मागे नवे पाटे, साधारण ५० मिमी. टायर जुनेच.

गावात फरक शून्य: १०.१ होतं, १०.१ राहिलं. ८० ला १४.०, म्हणजे मोजणीच्या चुकीत बसणारा फरक. १०० ला मात्र ११.५. हा आकडा मी पुन्हा जाऊन तपासला, कारण थोडा जास्त वाटला. तोच आला.

कारण साधं आहे. लिफ्ट केल्यानं केबिन रुंद होत नाही, पण आधी जे बंपरच्या आडोशाला होतं ते सगळं वाऱ्यात येतं: पुढची चाकं, सस्पेन्शनचे आर्म, डिफ (चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल), सायलेन्सर, मागचा एक्सल. गाडीखालून जास्त हवा जाते आणि ती या सगळ्यावर आपटत जाते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून लिफ्टचं बिल हायवेवर येतं, सिग्नलवर नाही. जो माणूस गावातच फिरतो आणि लिफ्टमुळे अ‍ॅव्हरेज पडलं म्हणतो, त्यानं आधी अलाइनमेंट तपासावी. पुढून उंची वाढली की टाय रॉडचे कोन बदलतात, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडतो आणि टायर सरळ न फिरता घासत चालतो. डिझेलही जातं, रबरही जातं. लिफ्टनंतर पाटे आणि कॉइल थोडे बसतात, म्हणून मी काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा अलाइनमेंट केली. हा खर्च वाचवू नका.

टायर

२५५/६० आर१८ चा व्यास ७६३ मिमी. २६५/७० आर१७ चा ८०३. म्हणजे ५.२ टक्के मोठा. गाडी यातून फक्त २० मिमी उंच होते, कारण व्यासाचा निम्मा भागच खाली येतो. पण चाक एका फेरीत ५ टक्के जास्त रस्ता कापतं आणि मीटरला ते माहीत नसतं. जीपीएसशी जुळवून बघितलं तेव्हा मीटरवरच्या १०० किमीला खरे १०५ च्या आसपास निघाले. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे कागदापेक्षा किंचित कमी येतं.

आता मीटरवर विसंबलं तर १०० च्या वेगाला अ‍ॅव्हरेज १०.३ दिसतं आणि गावात ८.८. बघून छातीत धस्स होतं. पण अंतर दुरुस्त केलं की १०० ला १०.८, ८० ला १३.२ आणि गावात ९.२. स्टॉकशी तुलना केली तर १०० ला मीटर १.६ ची घट दाखवतो, खरी घट १.१ आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा घट नुसती हिशेबातली! मोठे टायर टाकून "माझी गाडी तीननं पडली" म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न हाच असतो: अंतर दुरुस्त केलंस का?

याच मीटरचा दुसरा, जास्त गंभीर मुद्दा. कंपनीचा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतो. मोठा टायर ती सगळी सवलत खाऊन टाकतो. आता काटा १०० वर असला की माझी गाडी खरोखरच १०० वर असते, आणखी मोठा टायर टाकला तर वर असेल. एक्सप्रेस-वेवर कॅमेरे आहेत, जीपीएसशी जुळवल्याशिवाय काट्यावर भरवसा ठेवू नका.

उरलेली घट खरी आहे. ती दोन-तीन ठिकाणांहून येते. गावात मुख्य गुन्हेगार वजन. नवा ए/टी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर हातात घेतला की लगेच जाणवतं: जाड साइडवॉल, खोल गोट्या, आणि सगळं वजन काठावर. कडेला असलेला एक किलो गाडीला वेग घेताना जवळपास दोन किलोंइतका जड पडतो, कारण त्याला पुढेही ढकलायचं असतं आणि फिरवायचंही असतं. प्रत्येक सिग्नलला ही ऊर्जा घालायची आणि पुढच्या सिग्नलला ब्रेकमध्ये जाळायची. एकसारख्या वेगाला हे वजन फारसं आडवं येत नाही. तिथे त्रास देतो तो गोट्यांचा लवलवाट, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना दबण्या-वाकण्यात वाया जाणारी ताकद). अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या २००६ च्या अहवालातला ठोकताळा असा की रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के बदलला तर इंधन १ ते २ टक्के बदलतं. त्यामुळे एचटी (हायवेचे) टायर सोडून एमटीवर (चिखलाच्या मड-टेरेन टायरवर) जाणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून जावं. माझ्या वापराला ए/टी पुरेसा आहे, एमटीची मला गरज वाटत नाही.

तिसरं कारण गिअरिंग. चाक मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर ५ टक्के लांब झाला. सपाटीवर हे चांगलं वाटतं, इंजिन कमी फिरतं. पण आपलं इंजिन १,८०० च्या वर खूश असतं. आधी ज्या वेगाला पाचवा गिअर त्या पट्ट्यात बसायचा, तिथे आता तो खाली घसरतो, आणि आपण नकळत अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो. साताऱ्याला जाताना खंबाटकीचा जो चढ चौथ्यात निघायचा, तिथे आता दोन जागी तिसरा मागतो. मागावा, द्यावा. लांब गिअरमध्ये गुदमरवण्यापेक्षा खाली येणं डिझेललाही स्वस्त पडतं. अमेरिकेत टोयोटा टॅकोमावाले ३३-३५ इंची टायर टाकले की डिफचं गिअरिंगच ३.९१ वरून ४.८८ वर नेतात, म्हणजे सगळे गिअर पुन्हा आखूड करून घेतात. आपल्याकडे ते सहज होणारं काम नाही, म्हणून मी ५ टक्क्यांवर थांबलो. २८५/७० आर१७ चा मोह झाला होता. तो ८३१ मिमी, म्हणजे ९ टक्के मोठा. या इंजिनाला तो जड जाईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाट

वाई ते पाचगणी, पसरणी घाट. साधारण ६०० मीटर चढ. प्रवासी-सामानासह गाडी २,२०० किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर उचलायलाच सुमारे १३ मेगाज्यूल लागतात, आणि डिझेल इंजिनाची कार्यक्षमता धरली तर ते साधारण एक लिटर डिझेल झालं. फक्त उचलायचं. टायर कोणताही असो, हा लिटर जाणारच. टायर-रिमचं वाढलेलं वजन २५ किलो धरलं तरी त्या लिटरमध्ये एक टक्का भर पडते. म्हणून घाटातल्या अ‍ॅव्हरेजवरून टायरला दोष देऊ नका. घाटात दोष द्यायचाच तर मागे हौद्यात कायमचं पडलेल्या सामानाला द्या. माझ्या हौद्यातून रिकव्हरीचं (अडकलेली गाडी बाहेर काढायचं) निम्मं सामान आता घरी ठेवलंय.

हवा

दाराच्या खांबावरचं स्टिकर जुन्या टायरचं आहे. एलटी (लाइट ट्रक, जाड बांधणीच्या) टायरला तेच वजन पेलायला जास्त हवा लागते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावू नये. मी खडूची चाचणी करतो: टायरच्या गोट्यांवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट डांबरावर सरळ थोडं पुढे जायचं, उतरून बघायचं. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, कडांचाच पुसला तर कमी. ३३ पीएसआयला दोन्ही कडा स्वच्छ आणि मध्ये पांढरी पट्टी तशीच होती. ३८ ला रेघ एकसारखी पुसली गेली. थंड टायरवर ३८, हाच माझा सध्याचा आकडा. अमेरिकन सरकारी ठोकताळ्यानुसार चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी असेल तर ०.२ टक्के इंधन जास्त जातं. म्हणजे ३३ ते ३८ या पाच पीएसआयचा एखादा टक्का. माझ्या मोजणीत तो दिसणार नाही, पण टायरच्या कडा नक्की वाचतील. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात कमी हवेनं जाणं तर धोक्याचंच आहे.

पैशात

महिन्याला १,५०० किमी गावात चालवलं तर १०.१ ऐवजी ९.२ मुळे साडेचौदा लिटर जास्त. डिझेल ९० रुपये धरलं तर तेराशे रुपये. मला ताम्हिणीच्या पुढच्या कच्च्या वाटांवर आणि पावसाळ्यातल्या चिखलात जी पकड मिळते तिच्यासाठी हे मंजूर आहे. फक्त रुबाबासाठी करणाऱ्यानं स्वतःचा हिशेब घालावा. आणि हे बघा: बदललेली गाडी ८० ला १३.२ देते, स्टॉक गाडी १०० ला ११.९ देत होती. उजवा पाय लिफ्ट आणि टायर या दोघांपेक्षा भारी आहे.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, जमलं तर लेखी घ्या.

पावसाळ्यातले आकडे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावं लागतं आणि सगळंच अ‍ॅव्हरेज खाली येतं. दिवाळीनंतर पुन्हा समृद्धीवर जाणार आहे, या वेळी हौद्यावर मऊ कव्हर घालून आणि काढून, १०० च्या वेगाला. हौद्याचं मागचं फळकट मात्र बंदच ठेवणार: उघडं ठेवल्यानं अ‍ॅव्हरेज वाढतं हा समज खोटा आहे, बंद हौद्यात फिरणारी हवाच वरच्या हवेला गुळगुळीत वाट करून देते. १.९ लिटर इंजिनाच्या व्ही-क्रॉसवाल्यांपैकी कुणी २६५/७० टाकले असतील तर टायरचा पूर्ण साइज, थंड प्रेशर आणि जीपीएसनं दुरुस्त केलेलं अंतर, एवढं तिन्ही लिहून कळवा. सहा गिअरच्या गाडीत गिअरिंगचा भाग किती कमी होतो ते मला बघायचंय.